ब्रनोच्या मठातील हंगामी शिक्षक

शालेय पाठ्यपुस्तकात वाटाण्याच्या शेंगांची आकृती आणि तिच्या शेजारी चश्मा लावलेल्या एका धर्मगुरूचा चेहरा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. आनुवंशिकतेचे नियम प्रथम मांडणारे फादर ग्रेगोर मेंडेल ते हेच. शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत या धर्मगुरूंना एकदा नव्हे, दोनदा अपयश आले, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. ते सांगतात व्यासपीठावरील वक्ते. गुणवंतांचा सत्कार असो वा दहावीनंतरच्या मार्गदर्शनाचा मेळावा, ‘मेंडेलसुद्धा नापास झाले होते’ हे वाक्य हमखास टाळ्या घेते. पाठोपाठ निष्कर्षही तयार असतो : पदवी म्हणजे कागद, खरी विद्या अनुभवातूनच येते. मागच्या बाकावरील मुलांना त्यातून धीर मिळत असेल तर मिळो बापडा. तथापि मेंडेल यांचे चरित्र तपशिलाने वाचणाऱ्याला हा निष्कर्ष सहजासहजी पचनी पडत नाही. पदवी, विद्या आणि अनुभव या तीन निरनिराळ्या गोष्टी त्यांच्या आयुष्यात कशा येऊन मिळाल्या आणि त्यांपैकी एक कशी कायमची हुकली, ती हकिकत टाळ्यांच्या वाक्यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची आहे.

योहान हे त्यांचे मूळ नाव. ग्रेगोर हे मठात मिळालेले. २० जुलै १८२२ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील सिलेशिया प्रांतात, हिन्चित्से नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. हा मुलूख आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील आन्तोन यांची स्वतःची जमीन होती, परंतु आठवड्यातील तीन दिवस त्यांना जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे. उरलेल्या दिवसांत ते आपली शेती आणि फळबाग सांभाळीत. धर्मग्रामाचे धर्मगुरू फादर श्रायबर हे फळझाडांचे चांगले जाणकार होते. त्यांच्या प्रोत्साहनाने गावात सुधारित जातींची कलमे लागली आणि गावच्या शाळेत मुलांना अक्षरओळखीबरोबर फळझाडांची निगा व मधमाशीपालनही शिकवले जाऊ लागले. वसईच्या वाडीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना या शिक्षणाची किंमत वेगळी सांगायला नको. कोणत्या झाडाची काडी घ्यावी, मूळ झाडाचा कोणता गुण पुढे उतरतो, कोणता लोपतो, याची चर्चा ज्या घरात जेवताना चालते, त्या घरातील मुलाला निसर्गाकडे पाहण्याची एक नजर आपोआप लाभते. छोटा योहान या नजरेसह वाढला.

मुलगा हुशार आहे, त्याला पुढे शिकवा, असा आग्रह शिक्षकाने आणि फादर श्रायबर यांनी धरला. १८३४ मध्ये तो ओपावा येथील माध्यमिक शाळेत दाखल झाला. घरच्यांना त्याचा पुरता खर्च झेपत नसे. १८३८ साली वेठीच्या कामावर असताना झाडाचा ओंडका छातीवर कोसळून वडील जायबंदी झाले आणि घरून येणारी तुटपुंजी मदतही आटली. सोळा वर्षांचा योहान शिकवण्या करून पोट भरू लागला. पुढे ओलोमोउत्स येथील तत्त्वज्ञानाच्या विद्यालयात त्याची उपासमार झाली, आजारपणाने वर्ष वाया गेले. अखेरीस धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी राखलेल्या वाट्यातील काही रक्कम भावाच्या शिक्षणासाठी दिली. ज्या काळात मुलीचा वाटा हाच तिच्या संसाराचा आधार असे, त्या काळात एका खेडवळ मुलीने उचललेले हे पाऊल होते. विज्ञानाच्या इतिहासात तिचे नाव तळटिपेत येते. माझ्या मते त्याची जागा मजकुरात आहे.

१८४३ मध्ये ब्रनो शहरातील संत थॉमस मठात, ऑगस्टीनियन संघात, मेंडेल यांचा प्रवेश झाला. ओलोमोउत्सच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी त्यांची शिफारस केली होती. पुढे १८५० मध्ये लिहिलेल्या एका छोट्या आत्मवृत्तात मेंडेल यांनी हा निर्णय आपण कोणत्या परिस्थितीत घेतला, ते विलक्षण प्रांजळपणे नमूद केले आहे : उपजीविकेच्या विवंचनेने ते थकून गेले होते आणि या विवंचनेतून मुक्त करणारी जीवनस्थिती त्यांना हवी होती. एखाद्या भाविक वाचकाला हे वाचून अवघडल्यासारखे होईल. परंतु पाचारण नेहमी आकाशवाणीच्या रूपानेच येते असे थोडेच आहे? गरीब घरातील किती तरी तरुणांना सेमिनरीच्या दारात आणून सोडणारी वाट भाकरीच्या चिंतेतूनच गेली, आणि त्यांच्यातून उत्तम धर्मगुरू निपजले. ६ ऑगस्ट १८४७ रोजी मेंडेल यांना गुरुदीक्षा मिळाली.

धर्मग्रामाच्या कामात मात्र ते रमले नाहीत. रुग्णांच्या आणि मरणासन्न माणसांच्या खाटेपाशी उभे राहताना त्यांच्या मनावर इतका ताण येई, की ते स्वतःच आजारी पडले. मठाधिपती सिरिल नाप यांनी हे ओळखले. नाप हे असामान्य योग्यतेचे गृहस्थ होते : मठाचे व्यवहार चोख सांभाळणारे, शेतीसुधारणेच्या चळवळीत पुढाकार घेणारे, आणि आपल्या माणसांतील गुण पारखणारे. बिशपांना पत्र लिहून त्यांनी मेंडेल यांची अडचण स्पष्ट केली आणि १८४९ च्या शरद ऋतूत त्यांना झ्नॉइमो येथील माध्यमिक शाळेत हंगामी शिक्षक म्हणून पाठविले. पगार कायम शिक्षकाच्या साठ टक्के. आज तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या आपल्याकडील तरुण-तरुणींना हा हिशेब ओळखीचा वाटेल. मेंडेल शिकवण्यात लगेच रुळले. मुलांना ते आवडू लागले. वर्षभरात शाळेने त्यांच्या अध्यापनाविषयी उत्तम अभिप्राय दिला आणि कायम होण्यासाठी पात्रता परीक्षेला बसण्याची शिफारस केली.

ही परीक्षा हीच मुळी नवलाईची गोष्ट होती. १८४८ च्या क्रांतीने हादरलेल्या ऑस्ट्रियन सरकारने पुढल्याच वर्षी माध्यमिक शिक्षणाची नव्याने घडी बसविली आणि शिक्षकांना विद्यापीठीय परीक्षकांसमोर परीक्षा देणे बंधनकारक केले. तोवर मठातले धर्मगुरू आपल्या अभ्यासाच्या व अनुभवाच्या बळावर वर्ग सांभाळीत आले होते. आता विद्यापीठाची पायरी न चढलेल्या मेंडेल यांना विद्यापीठाच्या मापाने मोजले जाणार होते. घरी लिहावयाच्या निबंधांपैकी हवामानावरील निबंध पसंत पडला. भूविज्ञानाचा पडला नाही. ऑगस्ट १८५० मध्ये व्हिएन्ना येथे पुढील परीक्षा झाली. पदार्थविज्ञानाचे परीक्षक बाउमगार्टनर यांचे मत अनुकूल होते. प्राणिशास्त्राचे परीक्षक क्नेर यांनी सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणावर प्रश्न विचारला. मेंडेल यांच्या उत्तरात शास्त्रीय परिभाषेचा पत्ता नव्हता. प्राण्यांची नावे त्यांनी घरात, गोठ्यात वापरतात तशी बोलीभाषेतली लिहिली होती. निकाल प्रतिकूल लागला. किमान वर्षभराने पुन्हा बसण्याची मुभा मिळाली.

या परीक्षकांना खलपुरुष ठरविण्याचा मोह अनेक चरित्रकारांना होतो. तसे करणे अन्यायाचे होईल. मेंडेल यांची प्राणिशास्त्राची तयारी खरोखरच कच्ची होती. ग्रंथालयात एकट्याने बसून केलेल्या वाचनाला पद्धतशीर अध्ययनाची बैठक नव्हती. परीक्षकांनी या उमेदवाराच्या अंगी चिकाटी आणि बुद्धी असल्याचे मान्यच केले होते. इतकेच काय, ज्या समितीने त्यांना नाकारले तिच्यातील बाउमगार्टनर यांनीच मेंडेल यांना व्हिएन्ना विद्यापीठात शिकायला पाठवावे, असे सुचविले. नाप यांनी ती सूचना उचलून धरली. मठाच्या खर्चाने १८५१ च्या ऑक्टोबरात मेंडेल व्हिएन्नाला गेले आणि जवळजवळ दोन वर्षे तेथे राहिले. नापास होण्याचा हा परिणाम व्यासपीठावरून कधी ऐकू येत नाही : नापास झाले म्हणून त्यांना विद्यापीठ मिळाले.

व्हिएन्नात त्यांनी काय शिकले ते पाहण्यासारखे आहे. पदार्थविज्ञान त्यांना शिकविले ख्रिस्तियान डॉप्लर यांनी. ध्वनी आणि प्रकाशाच्या लहरींसंबंधीचा ‘डॉप्लर परिणाम’ ज्यांच्या नावे ओळखला जातो, तेच हे. डॉप्लर आजारी पडल्यावर त्यांच्या जागी आलेल्या एटिंग्सहाउझेन यांनी वस्तूंच्या जोड्या किती प्रकारे जुळू शकतात, या गणितावर पूर्वीच ग्रंथ लिहिला होता. फ्रान्झ उंगर यांच्याकडून वनस्पतींच्या पेशी आणि शरीरक्रिया यांविषयीचे अगदी ताजे ज्ञान मिळाले. आणि प्राणिशास्त्राच्या तासाला मेंडेल बसले ते क्नेर यांच्याच वर्गात! तिशीतला एक धर्मगुरू, स्वतः मुलांना शिकवून आलेला, आपल्याला नापास करणाऱ्या प्राध्यापकापुढे वही उघडून बसतो. हे दृश्य डोळ्यांपुढे आणले की मेंडेल यांच्या स्वभावाची कल्पना येते.

१८५४ पासून ते ब्रनोच्या रेआलशूलमध्ये, म्हणजे विज्ञान व तंत्राकडे कल असलेल्या शासकीय शाळेत, पदार्थविज्ञान आणि निसर्गविज्ञान शिकवू लागले. ब्रनो हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर होते. तिथल्या कारखानदार आणि कारागीर कुटुंबांतील मुलांनी वर्ग भरलेले असत. हुद्दा मात्र जुनाच : हंगामी शिक्षक. कायम होण्यासाठी १८५६ च्या मे महिन्यात ते पुन्हा व्हिएन्नाला गेले, परीक्षेला बसले, आणि ती पुरी न करताच आजारी अवस्थेत परतले. परीक्षकाशी वाद झाल्याची एक आख्यायिका आहे, तिला कागदोपत्री आधार नाही. परीक्षेचा धसका त्यांच्या प्रकृतीलाच मानवत नसावा, असे त्यांच्या पूर्वीच्या दुखण्यांवरून वाटते. त्यानंतर त्यांनी परीक्षेचा नाद सोडला. एकूण चौदा वर्षे, १८६८ पर्यंत, ते त्या शाळेत शिकवीत राहिले. कायम झाले नाहीत.

येथे थोडे थांबावयास हवे. विद्यापीठाचे अध्ययन पूर्ण झाले होते, वर्गातील अनुभव दर वर्षी वाढत होता. नव्हता तो फक्त दाखला. दाखला नसल्याने मेंडेल यांचे प्रत्यक्षात काय बिघडले? हुद्दा मिळाला नाही. परंतु डोक्यावर छप्पर होते, दोन वेळचे जेवण होते, हजारो ग्रंथांचे ग्रंथालय होते आणि खिडकीखाली बाग होती. हे सारे मठाने दिले होते. त्यांच्या जागी बायकामुले असलेला, भाड्याच्या खोलीत राहणारा एखादा तरुण असता, तर दुसऱ्या अपयशानंतर त्याला ब्रनोच्या एखाद्या गिरणीत हिशेबनिसाची जागा शोधावी लागली असती, आणि वाटाणे त्याच्या ताटातच राहिले असते. मेंडेल यांचा दाखला देऊन पदवीची हेटाळणी करणारे वक्ते मठाचा हा हिस्सा वगळतात. ज्या मुलाच्या पाठीशी मठ नाही, नाप नाहीत, तेरेझिया नाही, त्याला पदवीच्या कागदाची किंमत वक्त्यापेक्षा अधिक कळते.

ज्या वर्षी दुसरी परीक्षा बुडाली, त्याच १८५६ साली मठाच्या बागेत संकराचे प्रयोग सुरू झाले. त्याआधीची दोन वर्षे मेंडेल यांनी बियाणे पारखण्यात घालविली होती. बियाणे विकणाऱ्यांकडून वाटाण्याच्या चौतीस जाती आणून त्यांनी लावून पाहिल्या आणि ज्यांचे गुण पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे उतरतात अशा बावीस निवडल्या. बागेचा तुकडा लांबीने पस्तीस मीटर, रुंदीने सात मीटर, म्हणजे आपल्याकडील मध्यमशा भाजीच्या वाफ्यांएवढा. फूल उमलण्याआधी पाकळ्या हलकेच दूर सारून चिमट्याने पुंकेसर काढून टाकावयाचे, दुसऱ्या जातीच्या फुलातील पराग तेथे लावावयाचे, आणि कीटकाने भलतेच पराग आणू नयेत म्हणून फुलाला पिशवी बांधावयाची. हे काम बोटांना सवय असल्याखेरीज जमत नाही. ज्या हातांनी लहानपणी कलमे बांधली होती, तेच हात येथे उपयोगी पडले. वाटाण्याला लागणाऱ्या भुंग्यावर तर त्यांनी आधीच एक टिपण प्रसिद्ध केले होते.

परंतु नुसते हात पुरे पडले असते का? संकराचा अनुभव असलेली माणसे युरोपात शेकड्यांनी होती. ब्रनोभोवती मेंढ्यांची पैदास करणारे लोक उत्तम लोकरीसाठी पिढ्यान्‌पिढ्या नर-मादी निवडीत आले होते. आई-बापांकडून नेमके काय उतरते आणि कसे उतरते, हा खरा प्रश्न आहे, असे खुद्द नाप यांनी त्यांच्या एका बैठकीत १८३७ मध्येच सुचविले होते. इंग्लंडमध्ये वाटाण्याचेच संकर करून एका पिढीत लोपलेला रंग पुढल्या पिढीत परत येतो, हे पाहणारे बागाईतदार होऊन गेले होते. जर्मनीतील गेर्टनर यांनी सुमारे दहा हजार संकरप्रयोग केले. १८४९ साली निघालेला त्यांचा ग्रंथ मेंडेल यांनी खुणा करून वाचला होता. एवढ्या अनुभवी माणसांच्या डोळ्यांसमोरून ती गोष्ट गेली आणि कोणाच्या हाती लागली नाही, कारण दाणे मोजण्याचे कोणाच्या मनात आले नाही. आले असते तरी त्या आकड्यांचे काय करावे, हे कळले नसते.

मेंडेल यांनी मोजले. पहिल्या संकराच्या झाडांवर आलेल्या ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल निघाले आणि १,८५० सुरकुतलेले. रंगाच्या प्रयोगात ८,०२३ दाण्यांपैकी ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. दोन्हीकडे तीनास एक. सात गुणांबाबत हेच प्रमाण आढळल्यावर त्यांनी एकाच वेळी दोन, मग तीन गुण घेऊन पुढील पिढ्यांत कोणत्या जोड्या किती येतील, याचे सूत्र मांडले आणि बागेतील झाडांवर ते ताडून पाहिले. ही पदार्थवैज्ञानिकाची रीत आहे : एका वेळी मोजक्या बाबी, पुष्कळ मोजण्या, मग नियम. जोड्यांचे गणित एटिंग्सहाउझेन यांच्या विषयातले, पेशींची जाण उंगर यांच्या वर्गातली, आणि बागेचे हात आन्तोन मेंडेल यांच्या मुलाचे. १८६३ पर्यंत आठ हंगामांत सुमारे अठ्ठावीस हजार झाडे या तुकड्यात वाढली, असा अंदाज सांगतात. शाळेचे तास, मठातील प्रार्थना आणि मिस्साबली सांभाळून हे सारे चालले होते.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे त्यांनी आपले निष्कर्ष वाचून दाखविले. मंडळाची सभा भरे ती रेआलशूलच्याच इमारतीत, म्हणजे जेथे ते हंगामी शिक्षक होते त्याच छपराखाली. पुढील वर्षी निबंध छापून निघाला, मंडळाच्या अंकाबरोबर शंभराहून अधिक संस्थांकडे पोहोचला, आणि पडून राहिला. मेंडेल यांनी चाळीस सुट्या प्रती मागवून घेतल्या. त्यांतील एक म्युनिक येथील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांना पाठविली. नेगेली यांच्यापाशी पदव्या होत्या, अध्यासन होते, संकरांचा दांडगा व्यासंगही होता. त्यांनी उत्तर दिले, पत्रव्यवहार १८७३ पर्यंत चालला. पण वाटाण्याच्या आकड्यांचे मर्म त्यांना गवसले नाही. हे प्रयोग संपलेले नसून नुकतेच सुरू झाले आहेत, असे त्यांचे म्हणणे. मेंडेल नंतर नेगेली यांच्या आवडीच्या हायरॅशियम या रानफुलावर वर्षानुवर्षे झटले. त्या बारीक फुलांनी त्यांच्या डोळ्यांना त्रास दिला, आणि उत्तरेही विपरीत आली. कारण हे झाड बहुधा परागीभवनावाचूनच बी धरते, हे विज्ञानाला विसाव्या शतकाच्या आरंभी समजले. म्हणजे पदवीधारकाला दिसले नाही, अनुभवी संकरकारांना दिसले नाही. हंगामी शिक्षकाला दिसले, परंतु पटवून देता आले नाही. दाखला असता तर जगाने त्यांचे ऐकले असते, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. त्या निबंधातील गणित त्या पिढीच्या वनस्पतिशास्त्राला अनोळखीच होते.

नाप १८६७ मध्ये वारले. ३० मार्च १८६८ रोजी बंधूंनी मेंडेल यांना मठाधिपती निवडले आणि त्यांची शाळेची नोकरी, हंगामीच, संपली. पुढील सोळा वर्षे मठाचा कारभार, शेतीसंस्थांची कामे आणि १८७४ च्या धर्मसंस्थांवरील कराविरुद्ध सरकारशी एकट्याने दिलेला हट्टी लढा यांत गेली. मधमाश्या आणि हवामानाच्या नोंदी यांत ते उरलासुरला वेळ घालवीत. मोरावियातील एका तारण बँकेचे ते उपाध्यक्ष आणि नंतर अध्यक्षही झाले. त्या पदासाठी कोणी त्यांची परीक्षा घेतली नाही. ६ जानेवारी १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या मिस्सेचे संगीत संचालन पुढे जगप्रसिद्ध झालेल्या लेओश यानाचेक यांनी केले. ब्रनोने त्या दिवशी एक लोकप्रिय मठाधिपती गमावला होता; शास्त्रज्ञ गमावल्याची जाणीव व्हायला १९०० साल उजाडावे लागले. त्या वर्षी हॉलंडचे द व्ह्रीज, जर्मनीचे कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे चेर्माक या तिघांना हा जुना निबंध हाती लागला. कोरेन्स हे नेगेली यांचेच विद्यार्थी होते, हा योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

तेरेझियाचे ऋण मात्र मेंडेल यांनी हयातीतच फेडले. मठाधिपती झाल्यावर त्यांनी तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला हातभार लावला. त्यांना मामाच्या बागेत कामाला लावले नाही, शाळेत घातले. त्यांपैकी दोघे रीतसर परीक्षा उत्तीर्ण होऊन डॉक्टर झाले.